एकही ओरखडा नाही

हेमांगी मॅडमनी मासळी कंपनीच्या ऑफिसात बोलावलं तेव्हा शत्रुघ्नला वाटलं, डिझेलचा विषय निघणार. काय उत्तर द्यायचं ते मनात जुळवतच तो जिना चढला. वर गेला तर टेबलावर नारळ, शाल आणि पेढ्यांचा पुडा.

"या दादा, अभिनंदन!" मॅडम म्हणाल्या.

"कशाचं?"

"दोन वर्षांत तुमच्या टेम्पोला एकही ओरखडा नाही. बाकीच्या गाड्या बघा. मागचा दिवा शाबूत असलेली एक तरी दाखवा मला. आता ऐका. कंपनी नवा ट्रक घेतेय. सहाचाकी, कूलिंगवाला. त्याला दोन ड्रायव्हर लागणार. हेवी लायसन्सचं ट्रेनिंग कंपनी देणार, आणि पहिलं नाव तुमचं."

शत्रुघ्नच्या चेहऱ्याचा रंग उडाला. मॅडमना वाटलं, आनंदानं.

"मॅडम, मी टेम्पोवरच बरा हाय."

"टेम्पो विकायचाय, दादा. लायसन्स झालं की तुम्ही ट्रकवर. आणि नाही झालं तर..." मॅडमनी पेढ्यांचा पुडा पुढं सरकवला. "नाही होण्याचा प्रश्नच नाही म्हणा. पण तसं झालंच, तर बर्फाच्या खोलीत एक जागा आहे."

शत्रुघ्न खांद्यावर शाल आणि हातात नारळ घेऊन खाली आला. बर्फाच्या खोलीतली माणसं त्यानं पाहिली होती. ती मे महिन्यातही कानटोपी घालून जेवायला बसत.

खरी गोष्ट कंपनीत कोणालाच माहीत नव्हती. शत्रुघ्नच्या टेम्पोला ओरखडा नव्हता, कारण दोन वर्षांत त्यानं गाडी कधी मागं घेतलीच नव्हती.

गाडी पुढं न्यायला त्याच्या तोडीचा माणूस अख्ख्या वसईत मिळाला नसता. पण रिव्हर्स त्यानं एकट्यानं कधी केला नव्हता. त्याची बायको कमळी याच कंपनीत मासळी निवडायला होती. सकाळी पाचूबंदरला लिलावाचा माल उचलायला ती टेम्पोतून बरोबर यायची. गाडी मागं घ्यायची वेळ आली की खाली उतरायची आणि मागच्या पत्र्यावर थाप मारायची. दोन थापा म्हणजे ये, एक थाप म्हणजे थांब. बंदरावर गाडी मागं घेताना दहा माणसं दहा गोष्टी ओरडून सांगतात. म्हणून कमळीनं पहिल्याच वर्षी बजावलं होतं, "कोनाचं ऐकायचं नाय. माझी थाप ऐकायची." शत्रुघ्न आरशातही बघत नसे. मग दोन वर्षांपूर्वी तिला कावीळ झाली आणि ती गेली.

त्यानंतर कामावर आला त्या दिवशी त्यानं बंदरावर रिव्हर्स गियर टाकला आणि थापेची वाट बघत बसून राहिला. कोणीतरी येऊन विचारलं, "काय झालं दादा?" त्यानं गियर काढला आणि पुढं निघून गेला. तेव्हापासून तो पुढंच जात होता.

नुसतं पुढं जाऊन सगळी कामं उरकायची तर डोकं चालवावं लागतं. पाचूबंदरला तो लिलावाच्या जागेपर्यंत जात नसे. किल्ल्याजवळच्या मोकळ्या जागेत गोल फिरून गाडी लावायचा आणि माल तिथवर डोक्यावरून आणवायचा. पापडी गावच्या बाजारात एका बाजूनं शिरायचा, दुसऱ्या बाजूनं निघायचा. मधलं एखादं गिऱ्हाईक राहिलं तर परत पूर्ण वळसा. एकदा अरुंद गल्लीत समोरून पाण्याचा टँकर आला. दोघांतल्या एकानं मागं जायला हवं होतं. शत्रुघ्ननं गाडी बंद केली, खाली उतरला आणि टपरीवर जाऊन चहा मागवला. टँकरवाल्यानं सगळ्या शिव्या देऊन झाल्या, काही दोनदा दिल्या, आणि शेवटी तोच मागं गेला.

कंपनीच्या आवारात तो सगळ्यांच्या आधी येऊन गोल फिरायचा आणि गेटकडं तोंड करून गाडी लावायचा. मालकांनी एकदा विचारलं, गाडीचं तोंड गेटकडे का? गडबडीत तो म्हणाला, "आग लागली तर पटकन भाहेर काढता येते." मालक इतके खूश झाले की त्यांनी आतल्या भिंतीवर लाल रंगात ठळक लिहून घेतलं, 'सर्व गाड्या तोंड गेटकडे करून लावाव्यात.' त्या दिवसापासून बाकीचे ड्रायव्हर रोज रिव्हर्स घेऊन गाड्या लावू लागले आणि रोज मागचे दिवे फोडू लागले.

घरी त्यानं ही बातमी मुलीला, मनालीला सांगितली. ती मोबाइलच्या दुकानात कामाला होती आणि कुठल्याही गोष्टीला तिच्याकडे लगेच उत्तर असे.

"सिंपल आहे बाबा. जाऊन सांगून टाका, मला रिव्हर्स येत नाही."

"आनि?"

"आणि ते शिकवतील. ट्रेनिंग कशाला असतं?"

"मना शिकवतील? इतकी वर्सं गाडी चालवतंय मी. शाल दिली ना त्यांनी. ती काय परत घेतील?"

"मग बसा बर्फात," मनाली म्हणाली आणि भाकऱ्या थापायला उठली. तिचं बोलणं आईसारखंच होतं. थोडकं आणि नेमकं लागणारं.

ट्रेनिंग खाडीकडच्या एका मोकळ्या मैदानावर होतं. शिकवायला दिनानाथ मास्तर होते. आयुष्यभर एसटी चालवून रिटायर झालेले. घडीची खुर्ची आणि चहाचा थर्मास ते घरून घेऊन येत. शिकणारे दोघंच होते. एक शत्रुघ्न आणि दुसरी पॅकिंग विभागातली आग्नेस. ती पाचूबंदरची. नवऱ्याचा पिकअप बरीच वर्षं तीच चालवायची. त्यांच्या गल्लीत गाडी पुढून आत शिरली की मागूनच बाहेर काढावी लागे. त्यामुळं आग्नेसला रिव्हर्स आधी आला आणि पुढं जाणं सवडीनं.

पहिले काही दिवस शत्रुघ्ननं मैदान गाजवलं. जुना सहाचाकी ट्रक त्यानं आठाच्या आकारात असा फिरवला की मास्तर खुर्चीतून उठून उभे राहिले.

"शत्रुघ्नराव, तुम्हाला मी काय शिकवणार? चला, आता रिव्हर्स दाखवा."

"मास्तर, जरा पोटात कसंतरी होतंय."

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी पुन्हा विचारलं.

"आज अमावस्या हाय, मास्तर."

"अमावस्येला मागं जात नाहीत?"

"आमच्यात नाय जात."

"आग्नेसबाई, तुमच्यात?"

"आमच्यात अमावस्याच नाय, मास्तर," आग्नेस म्हणाली. "मी जाते मागं." आणि ती गेली, दोन खांबांमधून सरळ, बरोबर रेघेवर.

तिसऱ्या दिवशी पोट बरं होतं आणि अमावस्याही उलटून गेली होती. शत्रुघ्न ट्रकात बसला. त्यानं रिव्हर्स टाकला. आरशात पाहिलं, तर एका आरशात आभाळ होतं आणि दुसऱ्यात त्याचं स्वतःचं कोपर. त्यानं डोळे मिटले आणि क्लच सोडला.

मास्तर त्या वेळी लघवीला गेले होते म्हणून वाचले. खुर्ची वाचली नाही.

"माझ्या खुर्चीनं तुझं काय वाकडं केलं होतं रे?" मास्तर पायजम्याची नाडी आवळत धावत आले. 'शत्रुघ्नराव' तिथंच संपले.

"दिसली नाय, मास्तर."

"अरे, खांब तिकडे आहेत! खुर्ची या टोकाला होती! तू तिला शोधत आलास!"

ट्रक अजून मागंच येत होता. थर्मास चाकाखाली जाणार हे आग्नेसनं पाहिलं आणि धावत जाऊन ट्रकच्या पत्र्यावर जोरात हात मारला.

"थांब रे मेल्या!"

ट्रक जागच्या जागी थांबला. चाक आणि थर्मास यांच्यामधून पोस्टकार्डही गेलं नसतं. आग्नेसनं एकदा ट्रककडं पाहिलं, एकदा आपल्या हाताकडं. ती जरा मागं सरकली आणि पत्र्यावर दोन थापा मारल्या. ट्रक मागं आला. एक थाप मारली. थांबला. मग ती चालत चालत दोन खांबांच्या पलीकडं गेली आणि थापा मारत त्याला रेघेपर्यंत घेऊन आली. खांबाला धक्का नाही की काही नाही.

ती केबिनजवळ आली. "दादूस, तुझ्या कानात आरसा हाय काय रे?"

शत्रुघ्ननं मग सगळं सांगितलं. एंजिन चालूच ठेवून सांगितलं, म्हणजे मास्तरांना ऐकू जाणार नाही. पण मास्तर मागंच उभे होते.

"यात लाजण्यासारखं काय आहे?" मास्तर म्हणाले. "एसटीत मी आयुष्यभर कंडक्टरच्या घंटीवर गाडी चालवली. दोन घंट्या निघ, एक घंटी थांब. रिटायर झालो तेव्हा बायको जेवायला हाका मारायची, मी जागचा हलायचो नाही. शेवटी तिनं देवघरातली घंटा उचलून दोनदा वाजवली. तेव्हा उठलो."

"मग ती सवय कशी गेली, मास्तर?"

"गेली कुठं? अजून तशीच बोलावते. पण तुझी टेस्ट आहे. टेस्टला केबिनमध्ये इन्स्पेक्टर साहेब, बाकी मैदानात कोणी उभं राहायचं नाही. आरशात बघायला शीक."

शत्रुघ्ननं मनापासून प्रयत्न केला. खुर्चीनंतर मास्तरांनी स्टूल आणलं, तेही गेलं. मग ते उभ्यानंच शिकवू लागले, तेसुद्धा ट्रकच्या पुढच्या बाजूला, आणि थर्मास ट्रकच्या केबिनमध्येच ठेवू लागले. आरशात बघितलं की शत्रुघ्नला डावं-उजवं सुचत नसे आणि थाप ऐकली की आरसा लागत नसे.

शेवटी आग्नेसनंच रस्ता काढला. टेस्टच्या मैदानाला भिंत होती. भिंतीच्या आत कोणी उभं राहायचं नाही, बाहेर उभं राहण्याबद्दल कोणी काही बोललं नव्हतं. ती बाहेरून पत्र्याचा डबा वाजवणार होती.

"तू फक्त डब्याचं ऐक. दुसऱ्या कोनाचं नाय."

"मना ठावं हाय," शत्रुघ्न म्हणाला. "तीबी हेच सांगायची."

टेस्टच्या दिवशी आग्नेसचा नंबर आधी लागला. ती पास होऊन आली आणि पर्समधला क्रॉस कपाळाला लावून डबा घेऊन भिंतीबाहेर गेली. भिंत उंच होती. तिथं एक रिकामं पिंप होतं, ते उपडं करून ती त्यावर चढली. आत ट्रक दिसत होता. मास्तर फाटकाबाहेर उभे होते आणि त्यांनी आधीच डोळे मिटले होते.

एक गोष्ट मात्र तिघांच्याही लक्षात आली नव्हती. मैदानाच्या मागच्या बाजूला मोकळ्या प्लॉटवर मांडव घातला होता. दुपारी तिथं हळद होती. मांडवातल्या माणसांनी मैदानाच्या नळावरून पाणी न्यायला मधलं मागचं गेट उघडलं होतं आणि ते तसंच सताड उघडं राहिलं होतं.

इन्स्पेक्टर साहेब शांत माणूस होते, आवाज चढवून न बोलणारे. शत्रुघ्ननं आठ काढला तेव्हा त्यांनी मान हलवली. चढावर गाडी थांबवून उचलली तेव्हा, "छान," म्हणाले. मग म्हणाले, "आता रिव्हर्स. खांबांमधून, रेघेपर्यंत."

शत्रुघ्ननं गियर टाकला आणि खिडकीची काच पूर्ण खाली घेतली. भिंतीपलीकडून आवाज आला. टण-टण. ट्रक मागं निघाला. टण-टण. टण-टण. पहिला खांब गेला, दुसरा गेला. साहेबांनी आरशात पाहिलं आणि त्यांची भुवई वर गेली. या माणसाची नजर समोर होती, काचेतून सरळ पुढं, आणि ट्रक मागं रुळावरून चालल्यासारखा चालला होता.

रेघ जवळ आली. आग्नेसनं एक टोला द्यायला हात उचलला, आणि त्याच क्षणाला मांडवातल्या बेंजो पार्टीच्या ढोलवाल्यानं आपला ढोल वाजवून बघायला घेतला.

ढम-ढम. ढम-ढम. ढम-ढम.

शत्रुघ्नला वाटलं, आग्नेस जोर करतेय. रेघ मागं टाकून ट्रक पुढं, म्हणजे मागं, निघाला.

"बस," साहेब म्हणाले.

ढम-ढम.

"अहो बस! झालं! थांबा!"

शत्रुघ्न रिव्हर्समध्ये माणसांचं ऐकत नसे. साहेबांनी हँडब्रेक चाचपला तर हाताला मास्तरांचा थर्मास लागला, आणि त्यांनी तोच गच्च धरून ठेवला. ट्रक मागच्या गेटातून बाहेर पडला.

आग्नेसनं पिंपावरून उडी मारली. पिंप एकीकडं, ती दुसरीकडं. उठून ती ट्रकच्या बाजूनं धावू लागली. "थांब! दादूस, थांब!" करत ती हातातला डबा एकेक टोला देऊन बडवत होती. सरळ ट्रकवरच हात मारावा हे तिला सुचलं नाही. मांडवातल्या बायकांना वाटलं, बेंजोवाल्यांनी यंदा बाईही घेतलीय. ढोलवाल्यालाही डब्याचा ठेका आवडला आणि त्यानं हात वाढवला.

मांडवाच्या तोंडाशी फुलांची कमान होती. थर्माकोलचे दोन हंस आणि मधे पाटी, 'चि. सुरज आणि चि. सौ. कां. आर्या'. दोन्ही बाजूंना वीत वीत जागा सोडून ट्रक कमानीतून आत गेला. एक फूल हललं नाही. आतल्या चुलाणावर मटणाचं मोठं पातेलं चढवलं होतं, ट्रक त्याच्याच रोखानं निघाला. पातेल्याशी उभ्या असलेल्या जाड्या आत्याबाईनं झाऱ्यासकट पुढं येऊन ट्रकच्या पत्र्यावर एक सणसणीत थाप मारली.

"ए, आंधल्या!"

एक थाप. ट्रक थांबला. शत्रुघ्ननं घाम पुसला आणि साहेबांकडं वळून विचारलं, "बरोबर रेघेवर हाय ना, साहेब?"

साहेबांनी खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर मटण शिजत होतं.

पुढं काय करावं हे त्या दोघांना कळायच्या आत मांडवातल्या लोकांनी ते ठरवलं. केटररची ताटं-वाट्या घेऊन ट्रक येणार होता आणि त्याला उशीर झाला होता. चार जण मागं चढले.

"भांडी कुठायत?"

"कसली भांडी?"

"रिकामाच आलास?" आत्याबाई कडाडली. "आनि हा कोन? मालक का?"

साहेब खाली उतरून सांगू लागले की ते मोटार वाहन निरीक्षक आहेत आणि ही टेस्ट चालू आहे. ढोल चालूच होता. टेस्टचं कोणाला ऐकूच गेलं नाही. पाहुणा मोठा माणूस आहे एवढं मात्र सगळ्यांना कळलं. नवऱ्याच्या काकानं साहेबांच्या दोन्ही गालांना हळद लावली, मग शत्रुघ्नच्या. आग्नेस धापा टाकत पोचली, तिलाही लावली.

"साहेब, जेवूनच जायचं," काका म्हणाले.

"आधी ट्रक बाहेर काढा," साहेब शांतपणे म्हणाले. गालांवरची हळद त्यांनी पुसली नव्हती. पुसायला हातात थर्मास होता.

बाहेर काढायचा म्हणजे पुढं न्यायचा. शत्रुघ्नच्या जिवात जीव आला. हे त्याचं काम होतं. साहेबांसमोर आता तरी आपलं कसब दाखवावं म्हणून त्यानं पहिला गियर टाकला, झोकात स्टिअरिंग फिरवलं आणि एका दमात मांडवातून निघून, मागच्या गेटातून, थेट मैदानात येऊन उभा राहिला.

मास्तरांनी डोळे उघडले. समोर ट्रक होता. ट्रकच्या नाकावर फुलांची कमान होती. एक हंस वायपरवर बसला होता आणि काचेवर पाटी होती, 'चि. सुरज आणि'. आर्या वाटेत पडली होती.

साहेब मागून चालत आले आणि त्यांनी वायपरवरचा हंस उचलून बाजूला ठेवला. मग म्हणाले, "इतक्या टेस्ट घेतल्या मी, पण असा रिव्हर्स पाहिला नाही. आरशात न बघता, एवढं अंतर, त्या कमानीतून. तुमच्या कंपनीला मी मुद्दाम फोन करून सांगणार आहे."

"म्हंजे पास, साहेब?"

"नापास. तुम्हाला गाडी पुढं नेता येत नाही."

मास्तरांचा थर्मास त्यांनी जाताना परत केला.

दुसऱ्या दिवशी शत्रुघ्न स्वतःहून जिना चढला. शाल घडी करून बरोबर नेली होती.

"मॅडम, खरं सांगतो. मना रिव्हर्स येत नाय."

"किती तो साधेपणा!" हेमांगी मॅडम म्हणाल्या. "दादा, साहेबांचा फोन येऊन गेला. तुमच्या रिव्हर्सबद्दल काय काय बोलत होते! म्हणाले, पुढं जायची थोडी प्रॅक्टिस करून घ्या."

"मॅडम, खरंच नाय येत."

"शाल ठेवा ती जवळ. दुसरी टेस्ट देता येते. आणखी एक संधी, कंपनी तयार आहे. तेव्हा मात्र झालं नाही, तर बर्फाची खोली, माझा इलाज नाही. तोवर आग्नेसबरोबर ट्रकवर मदतनीस म्हणून जा. टेम्पो आज गेला."

शत्रुघ्न खाली आला तर टेम्पोच्या जागी रिकामी जागा होती. टेम्पोतली डावीकडची सीट दोन वर्षं त्यानं रिकामी ठेवली होती. तिच्यावर जेवणाचा डबासुद्धा ठेवला नव्हता. आता ती कोणाची झाली कोण जाणे. शेजारी पांढराशुभ्र नवा ट्रक उभा होता. तो डावीकडून चढला आणि मदतनिसाच्या सीटवर बसला. ही बाजू त्यानं आतून कधी पाहिली नव्हती.

पाचूबंदरला आग्नेसनं ट्रक वळवला. "उतर, दादूस. मागं बघ."

तो उतरला. लिलावाच्या जागेमागं भिंत होती आणि ट्रक भिंतीपर्यंत न्यायचा होता. थाप मारायची तर ट्रकच्या मागं जावं लागतं. तो गेला. पाठीला भिंत, समोर ट्रकचा पत्रा. त्यानं दोन थापा मारल्या. पत्रा त्याच्याकडं येऊ लागला. घराएवढा पत्रा. बाजूला सरकायला एका अंगाला बर्फाचे टब होते, दुसऱ्या अंगाला मासळीच्या पाट्या. तो भिंतीला चिकटला आणि एक थाप मारली. थांबल्यावर पत्र्यात आणि त्याच्यात बरोबर एक माणूस मावेल एवढी जागा उरली, आणि तो माणूस तोच होता.

"काय झालं रे?" आग्नेसनं वाकून विचारलं. "भिंतीत शिरलास काय?"

"कमळी इथं उभी राहायची," शत्रुघ्न म्हणाला.

"मग? गाडीच्या पुढं उभी राहनार होती?"

"मना ठावंच नव्हतं. मी इथं कधी आलोच नाय. मी बसलेला असायचो." तो जागचा हलला नाही. "एक दिवस जरी माझा पाय ब्रेकवरनं सरकला असता, तर?"

आग्नेसनं एंजिन बंद केलं. मग म्हणाली, "नाय सरकला ना? मग चल, मासली उचल. मावरं काय तुझ्यासाठी थांबनार हाय?"

त्यानंतर रोज तो मागं उभा राहू लागला. आग्नेसला त्याच्या थापेची गरज नव्हती. "मना आरशात दिसतंय, पत्रा बडवू नको, नव्या ट्रकचा रंग जाईल," असं ती रोज ओरडायची. पण मागं काय असतं, किती असतं, हे त्याला आता कळलं होतं. दुपारी रिकाम्या आवारात आग्नेस त्याला ट्रक द्यायची. आरशात पाहिलं की तो फक्त एकच गोष्ट शोधायचा: भिंतीपुढं एक बाई उभी राहील एवढी जागा. ती जागा दिसेपर्यंत यायचं, ती उरेल तिथं थांबायचं. एवढ्याला आरसा पुरत होता. थांबायच्या वेळी मात्र त्याचा उजवा हात आपोआप खिडकीबाहेर जायचा आणि दारावर एक थाप मारायचा.

दुसऱ्या टेस्टला साहेब तेच होते. त्यांनी आधी जाऊन मागचं गेट स्वतः बंद करून पाहिलं. शत्रुघ्ननं ट्रक पुढं नेला, अगदी सावकाश, नव्या नवरीसारखा. मागं घेतला, रेघेवर आणला आणि दारावर हात मारला.

"हे काय?" साहेबांनी विचारलं.

"थांबलो, साहेब."

"ते दिसलं मला," साहेब म्हणाले आणि सही केली.

ट्रकवर एकट्यानं गेला त्या पहिल्या दिवशी संध्याकाळी तो आवारात परतला. डाव्या सीटवर शाल घडी करून ठेवली होती. आवारात गाड्या लागल्या होत्या, गोल फिरायला जागा नव्हती. सगळ्यांसमोर त्यानं रिव्हर्स टाकला. मास्तर कंपनीत सहज आले होते, ते पटकन पुढच्या बाजूला जाऊन उभे राहिले. ट्रक मागं आला, भिंतीपाशी आला आणि हात दारावर पडला. पण मागून खर्रकन आवाज झाला.

शत्रुघ्न उतरून मागं गेला. भिंतीत आणि ट्रकमध्ये बरोबर एक माणूस उभा राहील एवढी जागा होती. मागं सगळं ठीक होतं. फक्त डावा कोपरा बाजूच्या खांबाला घासला होता. पांढऱ्या पत्र्यावर हातभर लांब ओरखडा.

हेमांगी मॅडम जिन्यावरून धावत आल्या. "दादा! ओरखडा? तुमच्या गाडीला?"

"हो, मॅडम. रिव्हर्स घेतला."

"अहो, पण दोन वर्षांचा रेकॉर्ड गेला!"

"गेला," शत्रुघ्न म्हणाला. त्यानं ओरखड्यावरून बोट फिरवलं. मग त्या भिंतीपुढच्या जागेकडं एकदा पाहिलं आणि दुखणं उतरल्यासारखा मोकळा हसला.

"मॅडम, आता शाल परत द्यायची काय?"